मॅरेथॉनचा संघ: रस्त्यावर निवडायचा की खोलीत?

मागच्या व्याख्यानात आपण उन्हात लांब पल्ला धावताना शरीराचं काय होतं ते पाहिलं. नंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: एवढं सगळं माहीत असताना मोठ्या स्पर्धांना चुकीची माणसं का पाठवली जातात? प्रश्न फटकळ आहे, पण बिनबुडाचा नाही. म्हणून आज धावण्याबद्दल कमी आणि धावणाऱ्यांना निवडण्याबद्दल जास्त बोलू. आम्ही म्हणजे या विषयाचे आकडे जमवत बसणारे तीन-चार जण आहोत. कुणी प्रशिक्षक, कुणी नुसतेच हौशी. आमची मतं सगळीकडे जुळतात असं नाही, ते पुढे दिसेलच.

सुरुवात एका शर्यतीपासून करू. १३ मार्च २०१६, जपानमधलं नागोया. रिओ ऑलिंपिकच्या जपानी महिला संघासाठी ही शेवटची निवड शर्यत. ४२.१९५ किलोमीटर धावून झाल्यावर तोमोमी तानाका २ तास २३ मिनिटं १९ सेकंदांत आली आणि तिच्या मागे रेई ओहारा २ तास २३ मिनिटं २० सेकंदांत. एक सेकंद. तानाका रिओला गेली, ओहारा घरी राहिली. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या निवड शर्यतीत हीच ओहारा तिसरी आली. पहिल्या दोघींची निवड पक्की होणार होती आणि दुसरीच्या मागे ती चार सेकंदांनी राहिली. दोन ऑलिंपिक, मधलं अंतर पाच सेकंदांचं.

ऐकायला क्रूर वाटतं. पण ही गोष्ट बाजूला ठेवा. तिच्या शेजारी आपल्याला दुसरी एक धावपटू उभी करायची आहे, अकेमी मात्सुनो. ती सुद्धा ऑलिंपिकच्या मॅरेथॉन संघात जाऊ शकली नाही. मात्र आपण नेमके कुठे हरलो ते तिला कुणी रस्त्यावर दाखवलं नाही. या दोघींमधला फरक हाच आजचा विषय आहे.

आधी मॅरेथॉनची अडचण समजून घेऊ. ऑलिंपिकला एका देशाचे जास्तीत जास्त तीन पुरुष आणि तीन महिला मॅरेथॉन धावू शकतात. आशियाई स्पर्धेत दोनच. शंभर मीटर धावणाऱ्याची परीक्षा आज घेतली, पटली नाही, तर पुढच्या आठवड्यात परत घेता येते. वर्षभरात तो वीस-पंचवीस वेळा धावेल, त्यावरून अंदाज बांधता येतो. मॅरेथॉनवाला वर्षाला दोन, फार तर तीन वेळा जीव तोडून धावतो. एकदा धावला की पाय, स्नायू, सगळं पूर्ववत व्हायला आठवडे जातात आणि पुढच्या शर्यतीची तयारी करायला महिने. आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. इथे शीत चाचपायला अख्खं भांडं रिकामं करावं लागतं. निवड चाचणी घेतली की धावपटूच्या अंगातली एक मॅरेथॉन खर्च झाली.

दुसरी अडचण वेळेची. बर्लिनच्या सपाट, थंड रस्त्यावरची २ तास ८ मिनिटं आणि बोस्टनच्या चढउतारांवरची २ तास ८ मिनिटं एक नव्हेत. त्यात मोठ्या शहरांच्या शर्यतींत पेसर असतात. ते पुढे धावून वेग धरून देतात, वारा अडवतात. ऑलिंपिकमध्ये पेसर नसतो. तिथे ऑगस्टचं ऊन असतं आणि पहिले तीस किलोमीटर सगळे एकमेकांकडे बघत धावतात. २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी ६८ जणींपैकी २८ जणींनी शर्यत सोडली. अशा रात्री कोण टिकेल हे बर्लिनच्या वेळेवरून कसं सांगणार?

म्हणजे ज्या शर्यतीवरून निवडायचं ती आणि ज्या शर्यतीसाठी निवडायचं ती, या दोन वेगळ्या जातीच्या आहेत. मग निवड समिती नावाची गोष्ट जन्माला येते. समिती म्हणते, आम्ही सगळं लक्षात घेऊ. आणि गडबड तिथूनच सुरू होते.

जपानची हकीगत लांबवून सांगतो, कारण या प्रश्नावर इतकी डोकेफोड केलेला दुसरा देश आम्हाला माहीत नाही. तिथे मॅरेथॉन घराघरात टीव्हीवर बघतात. मोठ्या शर्यती वृत्तपत्रं आणि वाहिन्या भरवत आल्या आहेत. त्यामुळे फुकुओका, ओसाका, नागोया, बिवा सरोवर अशा अनेक शर्यतींना निवड शर्यतीचा मान वाटून द्यावा लागे. चार ठिकाणी, चार हवामानांत, वेगवेगळे धावपटू धावणार आणि त्यातून तीन निवडायचे. आंबे, फणस आणि काजूंमधून सर्वांत गोड फळ निवडा म्हणण्यासारखंच.

सोल ऑलिंपिकच्या वेळी महासंघाने ठरवलं की डिसेंबर १९८७ ची फुकुओका हीच खरी निवड शर्यत. सगळे बडे तिथेच एकमेकांशी भिडतील. तोशिहिको सेको तेव्हा जपानचा सर्वांत लाडका धावपटू. बोस्टन, लंडन, शिकागो जिंकलेला. आणि तो नेमका जायबंदी झाला. फुकुओकाला थंडगार पावसात ताकेयुकी नाकायामाने २ तास ८ मिनिटं १८ सेकंदांत शर्यत मारली. सेको घरी. आता काय? महासंघाने दार किलकिलं ठेवलं. सेको मार्च १९८८ मध्ये बिवा सरोवराच्या शर्यतीत धावला, २ तास १२ मिनिटं ४१ सेकंदांत जिंकला आणि त्याला संघात घेतलं. सोलमध्ये नाकायामा चौथा आला, कांस्यपदकापासून सहा सेकंदांवर. सेको नववा.

नववा येणं काही लाजिरवाणं नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ‘एकच शर्यत’ हा शब्द आधी दिला होता आणि नावाजलेल्या माणसासाठी तो वाकवला. त्या दिवसापासून जपानमधल्या प्रत्येक धावपटूला कळून चुकलं की नियम लिहिलेला असला तरी नाव मोठं असेल तर वाट निघते. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. सेकोने वशिला लावला असं आम्ही म्हणत नाही, तो बिचारा जे दार उघडं दिसलं त्यातून आत गेला. दार ठेवणाऱ्याची चूक होती.

आता मात्सुनो. १९९२, बार्सिलोनाची निवड. साचिको यामाशिता १९९१ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत दुसरी आली होती, तिची जागा ठरलेली. युमी कोकामो जानेवारीत ओसाकाची शर्यत जिंकली, तीही जाणार. तिसऱ्या जागेसाठी दोघी उरल्या. युको आरिमोरी त्याच टोकियो जागतिक स्पर्धेत, ऑगस्टच्या उन्हात, चौथी आलेली. आणि मात्सुनो, ओसाकाला पहिल्याच मॅरेथॉनमध्ये २ तास २७ मिनिटं २ सेकंदांत दुसरी आलेली. आरिमोरीची तोवरची सर्वोत्तम वेळ २ तास २८ मिनिटं १ सेकंद होती. म्हणजे एकीकडे उन्हातला क्रमांक, दुसरीकडे थंडीतली वेळ. कशाला किती वजन, हे आधी कुठेही लिहिलेलं नव्हतं. मात्सुनोने शेवटी पत्रकार परिषद घेतली आणि कॅमेऱ्यांसमोर सांगितलं की मला निवडा. एका धावपटूला, जिचं काम पायांनी बोलायचं, तिला तोंडाने विनवावं लागलं. निवडली गेली आरिमोरी.

आणि आरिमोरीने बार्सिलोनात रौप्यपदक मिळवलं. पहिल्या आलेल्या वालेंतिना येगोरोवापेक्षा फक्त आठ सेकंद मागे. चार वर्षांनी अटलांटाला कांस्य. मग महासंघाचे लोक म्हणाले असतील, बघा, आम्ही बरोबर होतो.

इथे जरा थांबू. निकाल चांगला लागला म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. नाणं उडवून लग्न ठरवलं आणि संसार सुखाचा झाला, तर पुढच्या पिढीने नाणंच उडवावं का? त्याच संघातली ओसाकाची विजेती कोकामो बार्सिलोनात २९ वी आली, हे कुणी सांगत नाही. एका ऑलिंपिकमध्ये तीन-तीन माणसं धावतात, एवढ्याशा आकड्यावरून पद्धतीची परीक्षा होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे आम्हीच तो मोडण्याच्या मोहात पडणार आहोत.

२००४ ला पुन्हा तेच. नाओको ताकाहाशी, सिडनीची सुवर्णपदकविजेती, २ तास २० मिनिटांच्या आत मॅरेथॉन धावणारी जगातली पहिली महिला. नोव्हेंबर २००३ मध्ये टोकियोला ती दुसरी आली, वेळही साधारण. दुसरी शर्यत न धावता ती थांबली. या वेळी समितीने मोठ्या नावाला बाजूला ठेवलं आणि मिझुकी नोगुची, रेइको तोसा, नाओको साकामोतो यांना अथेन्सला पाठवलं. देशभर गदारोळ झाला. नोगुचीने सुवर्ण जिंकलं, तोसा पाचवी, साकामोतो सातवी. तरी आजही तिथे लोक वाद घालतात.

गमतीचा, म्हणजे रडवणारा, प्रकार २०१६ चा. कायोको फुकुशी जानेवारीच्या अखेरीस ओसाकाला २ तास २२ मिनिटं १७ सेकंदांत जिंकली. महासंघाने घालून दिलेली वेळ होती २ तास २२ मिनिटं ३० सेकंद. शर्यतही जिंकली, वेळही गाठली. तरीही नागोयाची शर्यत बाकी असल्यामुळे ‘तुझं नक्की’ असं कुणी म्हणेना. मग तिने काय करावं? सहा आठवड्यांत नागोयालाही धावते म्हणून नाव दिलं. आता घाबरायची पाळी महासंघाची. त्यांनी धावू नकोस म्हणून गळ घातली आणि तिने माघार घेतली. आम्ही मघाशी म्हटलं, चाचणीत एक मॅरेथॉन खर्च होते. इथे अस्पष्ट नियमापायी एक चांगली धावपटू ऑलिंपिकआधी दोन मॅरेथॉन खर्च करायला निघाली होती.

आता समुद्र ओलांडून अमेरिकेत जाऊ. तिथला नियम चौथीतल्या मुलालाही समजेल. एक दिवस, एक शर्यत, पहिले तीन संघात. जाहिरातींतला चेहरा असो की शाळेत शिकवणारा मास्तर, घोडामैदान सगळ्यांना सारखंच. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकसाठी त्यांनी चाचणी कोलोरॅडोतल्या अलामोसा इथे ठेवली, साडेसात हजार फूट उंचीवर, कारण मेक्सिको सिटीही तशीच उंचावर आहे. शहाणपणा होता.

या पद्धतीचा सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे मॉली सायडल. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटाच्या चाचणीत उभी राहिली तेव्हा ती आयुष्यात एकही मॅरेथॉन धावलेली नव्हती. अर्धमॅरेथॉनच्या वेळेवर तिला प्रवेश मिळाला होता. ती दुसरी आली. पुढच्या वर्षी ऑलिंपिकमध्ये, तिच्या तिसऱ्याच मॅरेथॉनमध्ये, तिने कांस्यपदक घेतलं. कुठल्या समितीने कागद बघून तिला निवडलं असतं? आम्ही तरी निवडलं नसतं, प्रामाणिकपणे सांगतो.

आणि या पद्धतीचा सर्वांत भीतीदायक किस्सा जोन बेनॉइटचा. १९८४, महिलांची पहिलीच ऑलिंपिक मॅरेथॉन. तिच्या गुडघ्याने दगा दिला. २५ एप्रिलला शस्त्रक्रिया झाली आणि निवड चाचणी होती १२ मे ला. सतरा दिवस. ती धावली, जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला सुवर्णपदकही तिनेच घेतलं. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. आम्हाला ती ऐकताना घाम फुटतो. गुडघा आठ दिवस जरा उशिरा बरा झाला असता, तर त्या वर्षीची जगातली सर्वोत्तम मॅरेथॉनपटू घरी टीव्ही बघत बसली असती आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरलं असतं.

शिवाय ‘पहिले तीन’ म्हणजे झालं असंही आता राहिलेलं नाही. जागतिक संघटनेची पात्रता वेळ असते. २०२४ च्या पॅरिससाठी पुरुषांना २ तास ८ मिनिटं १० सेकंद हवे होते. ऑर्लँडोच्या चाचणीत लेनर्ड कोरिर तिसरा आला, पण त्याच्याकडे ही वेळ नव्हती. त्याला जागा मिळेल की नाही याची तो सुमारे तीन महिने वाट बघत राहिला. शेवटी मिळाली. पण तीन महिने ‘जाणार की नाही’ या टांगणीवर सराव करायचा म्हणजे काय, हे ज्याला करावं लागतं त्यालाच ठाऊक.

केनियाचं दुखणं श्रीमंताचं दुखणं आहे. तिथे तीन जागांसाठी जगातले पहिले वीस धावपटू रांगेत. २०१२ मध्ये पॅट्रिक मकाऊ विश्वविक्रमवीर होता आणि जेफ्री मुताई बोस्टनला २ तास ३ मिनिटं २ सेकंद धावलेला. त्या एप्रिलमध्ये मकाऊने लंडनची आणि मुताईने बोस्टनची शर्यत अर्ध्यात सोडली आणि दोघंही संघाबाहेर राहिले. एबेल किरुईला घेतलं, जो दोन वेळा जागतिक विजेता होता, म्हणजे पेसरशिवाय धावायची विद्या त्याच्याकडे होती. लंडन ऑलिंपिकमध्ये तो दुसरा आला, विल्सन किपसांग तिसरा. सुवर्ण युगांडाच्या स्टीफन किप्रोटिचने नेलं. समितीने ‘अलीकडचं बघू’ आणि ‘अशाच प्रकारच्या शर्यतीतलं बघू’ या दोन गोष्टींना वजन दिलं असं दिसतं, आणि ते वाईट नव्हतं. फक्त ते शर्यतींच्या आधी लिहून ठेवलं असतं, तर मुताईने त्या उन्हात बोस्टनला उभं राहायचं की नाही याचा विचार वेगळ्या तऱ्हेने केला असता.

राखीव खेळाडूचा मुद्दा लोक विसरतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. इथिओपियाने पॅरिससाठी सिसाय लेम्माला निवडलं होतं, एप्रिल २०२४ मध्ये बोस्टन जिंकलेला. स्पर्धा तोंडावर असताना तो जायबंदी झाला. राखीव होता तामिरात तोला. आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या चढउतारांवर तिथला जुना विक्रम मोडून जिंकलेला. पॅरिसचा रस्ताही चांगलाच डोंगराळ होता, एकूण चढ ४३६ मीटर. तोला गेला आणि २ तास ६ मिनिटं २६ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम करून सुवर्ण घेऊन आला. राखीव म्हणजे यादीच्या तळाशी शोभेला लिहिलेलं नाव नव्हे. त्याने शेवटच्या दिवसापर्यंत संघाइतकाच सराव करायला हवा आणि त्याला तसं सांगितलेलं हवं. याच्या उलट उदाहरण २००८ चं. बीजिंगमध्ये शर्यतीच्या काही दिवस आधी नोगुचीने माघार घेतली आणि जपानच्या दोघीच धावायला उभ्या राहिल्या.

तर जपानने अखेर काय केलं? पोळल्यावर शहाणपण आलं. २०१७ पासून त्यांनी दोन पायऱ्यांची व्यवस्था आणली. आधीच्या शर्यतींतून ठरावीक वेळ किंवा क्रमांक मिळवून ‘मॅरेथॉन ग्रँड चॅम्पियनशिप’ नावाच्या एकाच निवड शर्यतीत प्रवेश मिळवायचा. तिथले पहिले दोन थेट संघात. तिसरी जागा राखलेली: त्या हिवाळ्यात जो कुणी ठरवून दिलेल्या कडक वेळेच्या आत धावेल त्याची, आणि असे अनेक निघाले तर सर्वांत वेगवानाची. कुणीच धावलं नाही तर निवड शर्यतीतल्या तिसऱ्याची. सगळं आधी छापलेलं.

१५ सप्टेंबर २०१९ ला टोकियोत ही शर्यत झाली, जवळपास ऑलिंपिकच्याच रस्त्यावर. पुरुषांत शोगो नाकामुरा आणि युमा हात्तोरी निवडले गेले. सुगुरु ओसाको, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रमवीर, हात्तोरीच्या मागे पाच सेकंदांनी तिसरा. महिलांत होनामी माएदा आणि आयुको सुझुकी. तिसरी आपली ओहारा. पुरुषांच्या तिसऱ्या जागेसाठी वेळ ठेवली होती २ तास ५ मिनिटं ४९ सेकंद, ओसाकोच्या स्वतःच्या विक्रमापेक्षा एक सेकंद कमी. तो घरी बसून देव पाण्यात ठेवू शकला असता. त्याऐवजी मार्च २०२० मध्ये टोकियोत स्वतःच धावला, २ तास ५ मिनिटं २९ सेकंद. महिलांत आधी ओसाकाला मिझुकी मात्सुदाने ठरलेली वेळ मोडली आणि मार्चमध्ये नागोयाला माओ इचियामा २ तास २० मिनिटं २९ सेकंद धावून गेली. ओहाराच्या हातातली जागा गेली.

आणि आता नियतीची चेष्टा बघा. निवड शर्यत ऑलिंपिकच्या रस्त्यावर घेतली, आणि महिन्याभरात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने उन्हाच्या भीतीने मॅरेथॉन टोकियोतून उचलून साप्पोरोला नेली. मग करोना आला, स्पर्धा वर्षभर पुढे गेली. साप्पोरोत ओसाको सहावा आला. थेट निवडलेले नाकामुरा ६२ वा आणि हात्तोरी ७३ वा. महिलांत इचियामा आठवी. सुझुकी १९ वी, माएदा ३३ वी. दोन्हीकडे तिसऱ्या जागेवरचा खेळाडू सर्वांत पुढे!

मघाशी म्हटलं तो मोह हाच. वाटतं, बघा, वेळेवर निवडा, एका दिवसाच्या शर्यतीवर नको. पण पॅरिसच्या वेळचं बघा. ऑक्टोबर २०२३ च्या निवड शर्यतीत, पावसात, अकिरा अकासाकी दुसरा आणि युका सुझुकी पहिली आली. पॅरिसला दोघंही सहावे. तिसरी जागा वेळेवर मिळवणारी माएदा, जिने जानेवारीत २ तास १८ मिनिटं ५९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता, ती दुखापतीमुळे धावूच शकली नाही. एक ऑलिंपिक एक सांगतं, दुसरं दुसरंच. म्हणून आमचं म्हणणं की दोन्ही वाटा उघड्या ठेवा, पण दोन्हींना आधीच दिवा लावा.

मग आम्ही कसा संघ निवडू? तीनपैकी दोन जागा एका शर्यतीला द्याव्यात. ती शर्यत मुख्य स्पर्धेच्या पाच ते सात महिने आधी, पेसरशिवाय, शक्यतो तशाच हवेत आणि तशाच रस्त्यावर. याहून जवळ नको, कारण शरीर भरून यायला आणि नवी तयारी बांधायला तेवढा अवधी लागतो. याहून फार लांबही नको. अकरा महिन्यांत माणूस बदलतो. तिसरी जागा बेनॉइटसारख्यांसाठी, ओसाकोसारख्यांसाठी: ठरलेल्या मुदतीत ठरलेली वेळ, किंवा आदल्या जागतिक स्पर्धेत पहिल्या आठांत क्रमांक. दोन दावेदार निघाले तर कोणाला अग्रक्रम, तेही त्याच कागदावर. नियम पहिल्या शर्यतीच्या निदान वर्षभर आधी प्रसिद्ध व्हावेत आणि त्यानंतर स्वल्पविरामही हलू नये. स्पर्धेच्या सहा आठवडे आधी तंदुरुस्तीची तपासणी, कुणी करायची आणि कशाने नापास ठरवायचं हे लिहून. आणि राखीव खेळाडू सरावात, पगारासकट.

समितीला थोडी मोकळीक हवी की नको, यावर आमच्यात फूट आहे. आमच्यातले एक प्रशिक्षक म्हणतात, कागद कितीही शहाणा केला तरी एखादी वेळ अशी येते की डोळ्याला दिसतं ते कागदाला दिसत नाही. बाकीच्यांचं म्हणणं, डोळ्याला दिसतं ते बहुधा आपल्याच गावचं असतं. आपण सगळ्यांनी शाळेत असताना तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संघाची यादी फळ्यावर लागलेली बघितली आहे. नाव नसलं की घरी जाऊन काय सांगायचं? ‘हरलो’ म्हणता येत नाही, कारण हरवायला समोर कुणी आलंच नव्हतं. समितीला मोकळीक द्यायचीच असेल तर एका जागेपुरती, आणि कारण सहीनिशी जाहीर करण्याच्या अटीवर, इथवर आम्ही कसेबसे एकत्र आलो.

आता आपल्या देशाकडे. रिओला पुरुषांची पात्रता वेळ अखेरीस २ तास १९ मिनिटं होती. जानेवारी २०१६ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीयांत नितेंद्रसिंग रावत पहिला आला. थोनाकल गोपी त्याच्यासाठी पेसर म्हणून उतरला होता. तो थांबलाच नाही, २ तास १६ मिनिटं १५ सेकंदांत दुसरा आला आणि पात्र ठरला. रिओमध्ये गोपी २५ वा, त्याच्या एकच सेकंद मागे खेता राम २६ वा. रावत ८४ वा. ज्याला वेग धरून द्यायला आणलं तो संघातला सर्वोत्तम निघाला, हे सायडलच्या गोष्टीचं आपलं भावंडच म्हणा. महिलांत आपल्या नाशिकची कविता राऊत, सावरपाडा एक्सप्रेस, फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंद धावून पात्र ठरली. रिओला तिला जवळपास तीन तास लागले. फेब्रुवारीची शर्यत आणि ऑगस्टची शर्यत यांतलं अंतर यापेक्षा स्पष्ट कसं दाखवणार?

तेव्हापासून पात्रतेची पायरी उंच झाली. पॅरिससाठी मागितलेली २ तास ८ मिनिटं १० सेकंद ही वेळ शिवनाथ सिंग यांच्या १९७८ च्या जालंधरमधल्या २ तास १२ मिनिटांपेक्षाही जवळपास चार मिनिटं जलद. तो राष्ट्रीय विक्रम चाळीसहून अधिक वर्षं कुणाला मोडता आला नव्हता. टोकियो आणि पॅरिसला आपला एकही मॅरेथॉनपटू नव्हता. म्हणजे ऑलिंपिकपुरता आपल्याकडे निवडीचा प्रश्नच उरला नाही, असं कुणी म्हणेल. पण आशियाई स्पर्धा आहे, दोन जागा आहेत, आणि तिथे आपली पेचाची गाठ निराळी आहे. मुंबईची शर्यत जानेवारीतही दमट असते, वर पेडर रोडचा चढ. कोण ऊन सोसतो हे बघायला उत्तम. वेगवान वेळ द्यायला वाईट. वेळ हवी तर थंड, सपाट रस्ता हवा, बहुतेकदा परदेशातला. तिथलं तिकीट कोण काढणार? आपले बरेच चांगले धावपटू सैन्यात किंवा सरकारी नोकरीत आहेत. ज्याच्या खात्याने रजा आणि खर्च दिला तो वेळ घेऊन येतो. दुसरा मुंबईत घाम गाळतो आणि त्याची वेळ कागदावर तीन मिनिटांनी वाईट दिसते. नुसत्या वेळेवर निवड म्हणजे कधीकधी तिकिटावर निवड. म्हणून आपल्याकडे समोरासमोरच्या शर्यतीला आम्ही जास्तच वजन देऊ, आणि तिच्यातल्या पहिल्या चौघांना महासंघाने स्वतःच्या खर्चाने थंड रस्त्यावर न्यावं असं सुचवू.

शेवटी एका श्रोत्यांनी विचारलेला प्रश्न. तुमच्या नियमाने १९९२ ला मात्सुनो गेली असती का? आम्ही तो सोडवून पाहिला. आमच्या कागदावर जागतिक स्पर्धेतल्या पहिल्या आठांना अग्रक्रम असता तर आरिमोरीच गेली असती. वेळेला असता तर मात्सुनो. पण पहिला नियम असता तर आरिमोरीची जागा भरली हे मात्सुनोला १९९१ च्या ऑगस्टमध्येच कळलं असतं. मग ओसाकाला दुसरं येऊन चालणार नाही हे ओळखून ती धावली असती, कोकामोच्या पुढे जायला. किंवा मॅरेथॉनच्या वाटेला गेलीच नसती. मुळात ती दहा हजार मीटरची धावपटू होती आणि त्या शर्यतीचा संघ अजून निवडायचा होता.